फुकट फिरणाऱ्या फायलींमुळे गाण्यांची विक्री नक्की किती बुडते? हिशोब कसा मांडायचा?

शनिवारपेठी_सूर

पुण्यातलं एखादं छोटं ध्वनिप्रकाशन डोळ्यांपुढे आणा. नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या मुद्रणांचा एक संच आहे, पेनड्राइव्हवर, किंमत ४०० रुपये. विक्री थोडी दुकानांतून, थोडी कुरिअरने, बाकीची दिवाळी पहाटेच्या मांडवाबाहेर आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत स्टॉलवर. हाच संच एका टेलिग्राम चॅनलवर पडलेला आहे आणि पोस्टखाली ६,२०० व्ह्यूज दिसतात.

अशा वेळी दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ६,२०० गुणिले ४००, अर्थात २४ लाख ८० हजारांचं नुकसान. दुसरं म्हणजे फुकट ऐकणारा एरवीही विकत घेणार नव्हता, उलट नाव पसरतं, तेव्हा नुकसान शून्य. मला दोन्ही पटत नाहीत. ह्या विषयावर भरवशाचं संशोधन काय सांगतं, ते आपल्याकडच्या बाजाराला कितपत लागू पडतं, आणि छोट्या प्रकाशनाला स्वतःचा आकडा काढायचा तर तो कसा काढावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अर्थमापक

दोन्ही आकडे चुकीचे आहेत. का चुकीचे ते नीट पाहिलं की मधला आकडा काढता येतो.

आधी ते ६,२०० घ्या. टेलिग्रामवरचा व्ह्यू म्हणजे पोस्ट नजरेखालून गेली, एवढंच. फाइल उतरवली का, उतरवून ऐकली का, हे त्यातून कळत नाही. शिवाय पोस्ट दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली की तिथले व्ह्यूजही मूळ आकड्यात जमा होतात. म्हणून व्ह्यू आणि प्रत ह्यांची गल्लत करायची नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे: ज्यांनी फाइल घेतली, त्यांच्यातल्या किती जणांनी एरवी पैसे मोजले असते? लोकांना एकमेकांच्या संगणकांवरची गाणी फुकट उतरवू देणारं नॅप्स्टर जून १९९९ मध्ये सुरू झालं आणि जुलै २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे बंद पडलं. अमेरिकेतली ध्वनिमुद्रित संगीताची विक्री १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होती, २०१४ पर्यंत ती ७ अब्जांच्या आसपास आली. आलेख बघून कुणीही म्हणेल की कारण उघड आहे. पण त्याच काळात ॲपलच्या आयट्यून ह्या ऑनलाइन दुकानात (एप्रिल २००३ पासून) ९९ सेंटला एकेक गाणं मिळू लागलं, म्हणजे एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यायची सक्ती संपली. जुन्या एलपी सीडीवर पुन्हा विकत घेण्याची लाटही तोवर ओसरली होती. ह्या सगळ्याचा परिणाम एकमेकांपासून वेगळा काढणं हीच ह्या विषयातली खरी मेहनत.

आणखी एक सापळा आहे. गाजलेला अल्बम जास्त विकला जातो आणि जास्त फुकटही उतरवला जातो. नुसती तुलना केली तर 'जितकं डाउनलोड जास्त तितकी विक्री जास्त' असंच दिसणार. त्यावरून 'शेअरिंगने विक्री वाढते' म्हणणं म्हणजे कार्य आणि कारण ह्यांची सरमिसळ. ह्यातून सुटायचं तर डाउनलोड हलवणारी पण विक्रीला थेट हात न लावणारी एखादी गोष्ट शोधावी लागते.

ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशी गोष्ट शोधली: जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या. सुट्टीत तिथली मुलं जास्त वेळ ऑनलाइन असत, त्यामुळे अमेरिकेतल्या लोकांना फायली मिळणं सोपं होई, पण जर्मन सुट्ट्यांचा अमेरिकेतल्या दुकानांशी काही संबंध नव्हता. २००२ च्या शरद ऋतूतले १७ आठवडे तपासून त्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष छापला: विक्रीवरचा परिणाम संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्यापासून वेगळा काढता येत नाही. 'नुकसान शून्य'वाले बहुतेक वेळा ह्याच अभ्यासाचा आधार घेतात. त्यावर अर्थशास्त्रज्ञ लीबोविट्झ ह्यांनी कडक टीका केली. त्यांच्या मते अमेरिकेतली बहुतांश घसरण फाइल शेअरिंगमुळेच झाली.

रॉब आणि वॉल्डफोगेल ह्यांनी २००६ मध्ये वेगळा मार्ग घेतला. अमेरिकन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना अल्बमगणिक विचारलं की कुठला विकत घेतला आणि कुठला उतरवला. उत्तर आलं की दर पाच अल्बम उतरवले की साधारण एक खरेदी कमी होते, म्हणजे विस्थापन सुमारे ०.२. त्यातच दुसरी महत्त्वाची गोष्ट दिसली: उतरवलेल्या अल्बमची त्या विद्यार्थ्यांच्या लेखी किंमत विकत घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी होती. म्हणजे त्यातलं पुष्कळसं केवळ फुकट म्हणून घेतलेलं.

कायद्याच्या बाजूनेही पुरावा आहे. फ्रान्समध्ये बेकायदा डाउनलोड करणाऱ्यांना इशारे आणि शिक्षा देणारा २००९ चा 'हाडोपी' कायदा चर्चेत आला, तेव्हा तिथली आयट्यूनवरची विक्री इतर युरोपीय देशांच्या तुलनेत गाण्यांसाठी सुमारे २२.५ टक्के आणि अल्बमसाठी २५ टक्के वाढल्याचं दानाहर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. परिणाम खरोखर शून्य असता तर ही वाढ दिसायचं कारण नव्हतं.

माझ्या मते एकूण पुरावा असा झुकतो: नुकसान खरं आहे, पण एकास एक कधीच नाही. आता तुमचा हिशोब करू. ६,२०० पैकी निम्म्यांनी उतरवलं असं धरा: ३,१००. त्याला ०.२ ने गुणा: ६२० संच. ४०० रुपयांनी २ लाख ४८ हजार. पण हे पैसे पूर्ण तुमचे नव्हतेच. दुकानदाराचं कमिशन ३० टक्के धरलं तर उरले १,७३,६००. पेनड्राइव्ह, खोका आणि पुस्तिका मिळून संचामागे ११० रुपये खर्च धरला तर ६८,२०० वजा, कारण न विकलेला संच बनवावाही लागला नाही. राहिले १,०५,४००. विस्थापन ०.१ धरलंत तर ५२,७००, ०.३ धरलंत तर १,५८,१००. कमिशन आणि खर्चाचे आकडे तुमच्या वहीतले घाला. २५ लाखांचा आकडा कुठल्याही कसोटीवर टिकत नाही. पण छोट्या प्रकाशनाला लाखभर रुपये म्हणजे पुढच्या मुद्रणाच्या स्टुडिओचा खर्च, हेही तितकंच खरं.

टेप_ते_टेलिग्राम

अर्थमापक, मांडणी चोख आहे. पण ०.२ हा आकडा इथे आणताना हात राखून आणावा. तो वीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा आहे. आपल्याकडे गोष्टी त्या क्रमाने घडल्याच नाहीत.

आपल्याकडची नक्कल इंटरनेटच्या फार आधीची. ऐंशीच्या दशकात कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. पुढे एमपीथ्री सीडी आली. १२८ केबीपीएस (आवाज साठवण्याचा दर) धरला तर मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, तेव्हा पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबी, आणि ७०० एमबीच्या एका तबकडीत १४० च्या वर गाणी, म्हणजे सुमारे बारा तासांचं संगीत. अधिकृत ऑडिओ सीडीत ७४ ते ८० मिनिटं. फुटपाथवर ही तबकडी मिळत असताना दहा गाण्यांच्या सीडीला गिऱ्हाईक कुठून येणार?

त्यानंतरचा टप्पा परदेशी अभ्यासांत जवळजवळ सापडत नाही: मोबाईलच्या दुकानात चिप भरून घेणं. दुकानदार एकदाच एखाद्या साइटवरून गाणी उतरवायचा आणि संगणकावरून शेकडो मेमरी कार्डं भरायचा. इथे ऑनलाइन डाउनलोड मोजलं तर एक, आणि प्रती शेकडो. नुसत्या डाउनलोडच्या आकड्यावरून भारतातला परिणाम काढणारे म्हणूनच फसतात. मार्च २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने संगीत उद्योगाच्या अर्जावरून १०४ साइट बंद करायला सांगितल्या. पण चिप भरणाऱ्याकडे गाणी आधीच हार्ड डिस्कवर होती. त्याला साइट चालू की बंद ह्याने फार फरक पडत नव्हता.

दुसरी गोष्ट. त्या काळात भारतातलं डिजिटल उत्पन्न मुख्यतः कॉलर ट्यूनमधून येई. ते कोसळलं त्यात फाइल शेअरिंगचा हात नव्हता: दूरसंचार नियामक ट्रायने जुलै २०१३ मध्ये अशा जादा पैशांच्या (मूल्यवर्धित) सेवा सुरू करायला ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली आणि नकळत सुरू होणाऱ्या वर्गण्या थांबल्या. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्या वर्षांचा उतरता आलेख दाखवून सगळं खापर पायरसीवर फोडणं चूक आहे.

अधिकृत डाउनलोड विकायचा प्रयत्नही झाला. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' फेब्रुवारी २०१२ मध्ये आलं, गाणं ६ ते १५ रुपयांना. जून २०१३ मध्ये बंद. यूपीआय तेव्हा नव्हतं. सहा-सात रुपयांसाठी कार्डाचा नंबर भरायचा, ओटीपीची वाट बघायची आणि तरीही व्यवहार अडकण्याची भीती, एवढा खटाटोप कुणी करेना. ह्यात किंमत जितकी आडवी आली तितकीच गैरसोयही.

ह्याच्या उलट उदाहरण सारेगामाच्या कारवाँचं. २०१७ मध्ये ५,९९० रुपयांना ५,००० गाणी भरलेला स्पीकर बाजारात आला. त्यातली बहुतेक गाणी यूट्यूबवर फुकट ऐकता येत होती, चिपवर तर होतीच. तरी लोकांनी तो घेतला, आईवडिलांसाठी मुद्दाम घेतला, पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. बटण फिरवलं की गाणं लागतं, एवढ्या सोयीसाठी सहा हजार मोजणारा वर्ग आपल्याकडे आहे, आणि नाट्यसंगीताचं गिऱ्हाईक नेमकं ह्याच वयातलं. त्यांच्या बाबतीत विस्थापन ०.२ पेक्षा कमी असणार असं माझं ठाम मत आहे. साठीच्या पुढचा माणूस टेलिग्रामवरून दोन जीबीची झिप उतरवून ती उलगडत बसत नाही. त्याचा मुलगा मात्र ती उतरवून बाबांच्या फोनमध्ये टाकून देतो, आणि तिथे एक संच खरोखर बुडतो. तुमचा हिशोब त्या मुलांचा करा.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि फाइल जपून ठेवण्याची गरजच कमी झाली. आता फुकटची नक्कल म्हणजे बव्हंशी व्हिडिओतून आवाज खेचून घेणं. उद्योगाच्या २०१९ च्या पाहणीत भारतातल्या ६७ टक्के ऑनलाइन श्रोत्यांनी बेकायदा मार्ग वापरल्याचं म्हटलं होतं. आकडा उद्योगाचा आहे हे लक्षात ठेवून वाचावा, पण दिशा बरोबर वाटते.

मंद्र_पंचम

शास्त्रीय संगीताला ही सगळी चर्चा जशीच्या तशी लावू नका. पुण्यात हातोहात फिरतं ते बरंचसं कधी विक्रीला नव्हतंच: खासगी मैफलींची मुद्रणं, आकाशवाणीवरून टेप केलेली, संग्राहकांनी स्पूलवर जपलेली. जी वस्तू दुकानात नाही तिची नक्कल झाली म्हणून त्या वस्तूची विक्री बुडत नाही. बुडालाच तर त्याच रागाचा त्याच गायकाचा अधिकृत संच, कारण ऐकायला वेळ तेवढाच. एखाद्या कलाकाराचे वीस तास फुकट मिळत असतील तर चौथा विकतचा यमन कोण घेईल? हा परिणाम डाउनलोड मोजून हाती लागत नाही.

'नाव पसरतं, कार्यक्रम मिळतात' ह्या युक्तिवादात तथ्य आहे. मॉर्टिमर, नॉस्को आणि सोरेन्सन ह्यांच्या २०१२ च्या अभ्यासात अमेरिकेत शेअरिंगनंतर अल्बम कमी विकले गेले, पण लहान कलाकारांचं कार्यक्रमांचं उत्पन्न वाढलं, बड्यांना फारसा फरक पडला नाही. पण हा पैसा कलाकाराला मिळाला, प्रकाशकाला नव्हे. करारात कार्यक्रमांचा वाटा नसेल तर प्रकाशकाच्या वहीत त्याची नोंद शून्य. आणि मुद्रण दिवंगत गायकाचं असेल तर कार्यक्रम वाढण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे फुकट प्रसाराचा फायदा कुणालाच पैशांत मिळत नाही, तोटा मात्र पूर्ण. जुन्या मुद्रणांचं जतन करणाऱ्या छोट्या संस्थांवर ह्याचा सगळ्यात जास्त घाव बसतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

म्हणून संचातली मुद्रणं दोन भागांत विभागून हिशोब मांडा: हयात, गाते कलाकार एकीकडे आणि दिवंगत एकीकडे. दोन्हींना एकच गुणक लावू नका.

तरंगलेख

पैशांच्या हिशोबाआधी फाइल आली कुठून ते तपासा, कारण उपाय त्यावर ठरतो.

चॅनलवरची फाइल ऑडॅसिटी ह्या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, लावा. सीडी किंवा मूळ वेव्हवरून बनवलेली फाइल असेल तर ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या वरपर्यंत विरळ होत जाते. १६ किलोहर्ट्झच्या जवळ चाकूने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली तर ती आधी १२८ केबीपीएसच्या कॉम्प्रेशनमधून गेलेली आहे, बहुधा यूट्यूबवरून खेचलेली. फाइलवर ३२० लिहिलं असलं तरी भुलू नका. कमी दर्जाच्या फाइलीचं ३२० केलं की आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही.

इथे एक चूक हमखास होते. तानपुरा आणि गळ्याच्या भागात १६ किलोहर्ट्झच्या वर तसंही फारसं काही नसतं, तेव्हा आलापीचा तुकडा बघून निष्कर्ष काढू नका. तबल्याच्या चाटीवरचे बोल किंवा नाट्यपदात झांज वाजते ती जागा बघा. जुन्या ग्रामोफोन तबकडीवरून घेतलेलं मुद्रण असेल तर मूळच पाच-सहा किलोहर्ट्झवर संपतं. तिथे फक्त खरखर बघायची, कारण सुईची खरखर वरपर्यंत जाते.

यूट्यूबवरून खेचलेली असेल तर गळती तुमच्याच चॅनलमधून आहे. अख्खा संच तिथे चढवण्याऐवजी प्रत्येक मुद्रणाचे तीन-चार मिनिटांचे तुकडे ठेवा. पूर्ण दर्जाची असेल तर पेनड्राइव्हवरून किंवा प्रकाशनाआधी दिलेल्या प्रतीवरून गेलेली आहे.

प्रकाशनाआधी परीक्षक, निवेदक, प्रायोजक ह्यांना प्रती द्याव्याच लागतात. प्रत्येकाची प्रत किंचित वेगळी करा. सुरुवातीच्या शांततेत फरक ठेवू नका, ती कापली जाते आणि एमपीथ्री करताना २५ मिलिसेकंदांच्या आसपास सरकतेही. मुद्रणाच्या मध्ये, विलंबित संपून द्रुत सुरू होण्याआधीच्या विरामात फरक करा: पहिल्याला १०० मिलिसेकंद, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला ३००. दुसऱ्या मुद्रणात पातळी ०.३ डेसिबलने वरखाली. कानाला कळत नाही, आणि दोन ठरलेल्या खुणांमधलं अंतर कितीही वेळा रूपांतर केलं तरी तेच राहतं. मात्र टाळ्यांच्या किंवा समेच्या मध्ये हात घालू नका. लय मोडली तर रसिकाला लगेच खटकतं, आणि कलाकाराच्या गाण्यात ढवळाढवळ करायचा आपल्याला अधिकार नाही.

शनिवारपेठी_सूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. अर्थमापकांना एक विचारायचं आहे: एक महिना तक्रार करून चॅनलवरचा संच काढून टाकायचा आणि आधीच्या महिन्याशी विक्री ताडून बघायची, असं केलं तर स्वतःचा आकडा मिळेल का? महिन्याला ६० संच खपतात असं धरा.

अर्थमापक

नाही मिळणार, आणि कारण अगदी साधं आहे. ६० च्या आसपासची मासिक विक्री काहीही न करता सातआठने वरखाली होत असते, कारण अशा मोजणीत नैसर्गिक चढउतार साधारण वर्गमुळाइतका असतो. दोन महिन्यांच्या फरकात तो आणखी वाढतो, जवळजवळ ११. शेअरिंगमुळे १० टक्के विक्री बुडत असेल तर तुम्ही शोधताय सहा संचांचा फरक. तो ह्या गोंधळात दिसणारच नाही. १० टक्क्यांचा फरक भरवशाने ओळखायचा तर दोन्ही काळांत प्रत्येकी सुमारे १,५०० संच खपले पाहिजेत. शिवाय ऑक्टोबरातून नोव्हेंबरात गेलात तर दिवाळी आडवी येते, डिसेंबरात सवाई. महिन्यांची तुलना तर करूच नका.

त्याऐवजी हे करून बघा. संच एक न ठेवता यादीतली सगळी मुद्रणं घ्या, समजा ४० आहेत. गेल्या वर्षीच्या खपाप्रमाणे उतरत्या क्रमाने मांडा आणि दोन-दोनच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एक मुद्रण निवडा. निवडलेल्या वीसांच्या फायली जिथे दिसतील तिथून सहा महिने काढायला लावायच्या, उरलेल्या वीसांना हात लावायचा नाही. सण-समारंभ दोन्ही गटांना सारखेच लागू होतात, म्हणून ऋतूचा प्रश्न सुटतो. नाणं उडवणं टाळू नका; 'जास्त चोरली जाणारी आधी काढू' म्हणालात की गाजलेली सगळी एका गटात जातात आणि वर लिहिलेला सापळा परत उभा राहतो.

दुसरं, अगदी स्वस्त साधन म्हणजे विचारणं. स्टॉलवर घेणाऱ्याला एकच प्रश्न: ह्यातलं काही आधी फोनवर ऐकलं होतं का, कुठे? आणि न घेता जाणाऱ्यालाही तोच. न घेणाऱ्यांना विचारलं नाही तर फक्त 'ऐकून मग घेतलं' म्हणणारेच भेटतील आणि परिणाम उगीच गोड दिसेल.

स्ट्रीमिंगवरही तीच मुद्रणं असतील तर तो हिशोब वेगळा ठेवा. आगियार आणि वॉल्डफोगेल ह्यांनी साधारण १३७ स्ट्रीममागे एका गाण्याची विक्री कमी होते असा अंदाज काढला होता, आणि त्याचबरोबर स्ट्रीमिंगने पायरसीही कमी होते असंही त्यांना आढळलं. म्हणजे पेनड्राइव्हची विक्री घटली तर दोष टेलिग्रामला देण्याआधी वितरकाचा स्ट्रीमिंगचा अहवाल बघा. तो दोन-तीन महिने उशिरा येतो, तेव्हा तारखा जुळवताना स्ट्रीम कधी झाले तो महिना धरा, पैसे जमा झाले तो नव्हे. स्पॉटिफायवर ३० सेकंदांच्या आत पुढे ढकललेलं गाणं मोजलं जात नाही. पन्नास मिनिटांचा ख्याल आणि तीन मिनिटांचं भावगीत ह्यांना मात्र तिथे एकेकच स्ट्रीम धरतात, म्हणून ख्यालाचे आकडे नेहमी खुजे दिसतात.

कलम_बावन्न

फायली काढून घ्यायच्या तर तक्रार नीट लिहा, अर्धवट तक्रारी पडून राहतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमावलीतला नियम ७५, ह्यांखाली लेखी तक्रार द्यायची. त्यात मुद्रणाचं पूर्ण वर्णन, हक्क तुमचा असल्याचा पुरावा (कलाकाराशी झालेला करार, स्टुडिओचं बिल; नोंदणी सक्तीची नाही पण असली तर काम सोपं), प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक, आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणू अशी हमी. ह्यानंतर मध्यस्थाने (इथे टेलिग्रामने) ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा चालू करायला मोकळा. बहुतेक जण इथेच अडकतात: पहिल्या तक्रारीनंतर निवांत बसतात आणि तीन आठवड्यांनी फाइल परत दिसते.

फक्त चॅनलचं नाव लिहू नका, पोस्टची लिंक लागते. तक्रारीआधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो, तोही मार्ग बरोबर वापरा. चॅनल चालवणारा कोण हे कळत नसेल तर न्यायालयात मागता येतं: शिकवणीच्या साहित्याच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तक्रार कुणाविरुद्ध करताय ते आधी बघा. संच फॉरवर्ड करणारा निवृत्त रसिक आणि वर्गणी घेऊन चॅनल चालवणारा माणूस ह्यांना एकाच तराजूत तोलू नका. पहिल्याला एक फोन पुरतो आणि पुढे तोच गिऱ्हाईक होतो.

नाट्यसंगीत आहे म्हणून एक खबरदारी. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रकाशित झालेलं मुद्रण २०२५ पासून मुक्त आहे (त्याआधीची आधीच मुक्त झाली), ते दुसऱ्या कुणी वाटलं तर तुमची तक्रार चालणार नाही. शब्द आणि चाल ह्यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, तेव्हा त्यांची पदं २००९ पासून मुक्त. पण तीच पदं १९९० मध्ये कुणी गाऊन मुद्रित केली असतील तर त्या मुद्रणाचा हक्क अजून शाबूत आहे. संचातल्या प्रत्येक मुद्रणापुढे त्याच्या प्रकाशनाचं वर्ष, पदकर्ता आणि संगीतकार अशी यादी करा आणि तुमचा हक्क आहे तेवढ्याच मुद्रणांची तक्रार द्या. हक्क नसताना खटल्याची धमकी दिली तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो.